चहाआधीची दोन वाक्यं

आक्का, तुमच्या दहाव्याला माईक हातात घेऊन जो माणूस तुमच्याबद्दल बोलला, त्यानं तुमच्या हातचा पाण्याचा तांब्याही कधी तोंडाला लावला नव्हता. बोलला मात्र असा, जसा काही तुमच्या पाठीला पाठ लावून आला होता. उजनी धरणाच्या पाण्याकडेला आपलं सगळं डाळज गाव बसलं होतं. पुरुष पुढं सतरंजीवर, आम्ही बायका एका अंगाला. तो म्हणाला, आक्कांनी आपल्या फावल्या वेळात परसबाग फुलवली आणि गावाचं नाव टीव्हीवर नेलं. माझ्या शेजारच्या बायका मुसमुसायला लागल्या. मला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठणार होते. खरंच उठणार होते. पण कार्यक्रम चालवणाऱ्या मास्तरांनी लगेच जाहीर केलं, की वेळेअभावी आणखी कुणाला श्रद्धांजली वाहता येणार नाही. वेळेअभावी म्हणे. तुमच्या दहाव्यालाच हा शब्द वापरायचं सुचलं त्यांना. म्हणून आता लिहायला बसलेय. तुम्ही वाचणार नाही हे कळतं मला, मी काही खुळी नाही. पण इतकी वर्षं एका भिंतीच्या दोन अंगांना राहिलो, तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. काही झालं की भिंतीवर दोनदा थापटायचं आणि बोलायला सुरुवात करायची, ही सवय अशी चार दिवसांत जात नाही. काल मी थापटलं. पलीकडून म्हैस ओरडली.

आबांनी, तुमच्या मालकांनी, रंगीत टीव्ही आणला तो तुमच्या पुढच्या सोप्यात बसवला, थोरल्याचं घर म्हणून. तो परसबागेचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा लागायचा, आणि तोही ऐन धारेच्या वेळेला. आळीतली माणसं येऊन बसायची. तुम्ही मात्र तो कधी बसून बघितला नाहीत. गोठ्यातून चुलीकडं, चुलीकडून गोठ्यात, मध्ये दारात बादली धरून उभं राहायचं, जेवढं दिसेल तेवढं बघायचं आणि उभ्या उभ्या मत देऊन पुढं जायचं.

मतं तशी सगळ्यांचीच होती. आबांच्या मते टीव्हीवर शहाणा कार्यक्रम तो एवढाच. मांडी घालून, हात बांधून, सत्यनारायणाला बसल्यासारखे बसायचे ते. समोरचे तात्या छातीवर हात ठेवून सांगायचे, की हे टोमॅटो मंडईतून आणून झाडाला बांधलेत, नीट बघा, गाठ दिसतीय. बायकांचं सगळं लक्ष ती माहिती सांगणाऱ्या बाईच्या साडीवर. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि शेणखत कालवून झालं तरी बोटं जशीच्या तशी. तुम्ही तिचं नाव इस्त्रीबाई ठेवलंत आणि पुढं सगळी आळी तेच म्हणायला लागली.

मला तो कार्यक्रम आवडायचा. आजही खोटं कशाला बोलू. मी काटेवाडीची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली, हिरवं बघितलं की डोळे निवतात माझे. फुटक्या डब्यात कोथिंबीर लावायला मी त्यातूनच शिकले. आणि इस्त्रीबाई फसवत नव्हती हे तुम्हीही कबूल केलं होतंत. एकदा तर तिचं खोटं पाडायचं म्हणून तुम्ही ती सांगते तस्सं करून बघितलंत, आणि दोडक्याला इतकं फळ धरलं की तुम्ही दोन दिवस फुगून बसला होतात. झाडांचं तिचं सगळं बरोबर होतं, चुकत होतं ते माणसांचं.

दर खेपेला शेवटी ती हसून सांगायची, की मैत्रिणींनो, आपल्या फावल्या वेळात हे नक्की करून बघा. आणि दर खेपेला तुम्ही दारातून विचारायचात, "फावला येळ म्हंजे कंचा वं?" सोप्यात हशा व्हायचा. आबाही हसायचे. आमची आक्का म्हणजे नुसती फटाकडी, असं पाहुण्यांना सांगायचे. तुम्ही विनोद करत नव्हतात, तुम्ही विचारत होतात. तुमची दोन मिनिटं आणि तिची दोन मिनिटं एका घड्याळातली नाहीत, हेही तुम्ही एकदा म्हणालात, त्यालाही लोक हसले. बाईमाणसानं दारात उभं राहून काही म्हटलं की ते हसण्यावारी न्यायचं, असा काही कायदा आहे का? मला कुणीतरी दाखवा तो.

आबांनी परड्यात बाग आखून दिली. आखून दिली, म्हणजे वाफे कुठं, वेल कुठं, हे बोटानं दाखवलं आणि साखर कारखान्याच्या मीटिंगला निघून गेले. पाणी हापशावरून, डोक्यावरून. उजनीचा फुगवटा दारातून दिसतो, पण ते पाणी उसाला. परड्यातल्या भाजीला पाइप टाकायचा म्हटलं की आबा म्हणायचे, पुढच्या गळीत हंगामाला बघू. आधी तुम्ही कासराभर दिवस वर यायच्या आत रानात जायचात, आता त्याआधी हापसा. संध्याकाळी धारा उरकून बायका जरा ओट्यावर टेकायच्या, तेव्हाही तुम्ही परड्यात.

आणि पहिला घेवडा तोडला त्या आठवड्यापासून आबांनी भिगवणचा बाजार बंद केला. घरात एवढं एकच काम त्यांच्याकडं होतं, आठवड्याची भाजी आणायचं. तेही गेलं. घरी अमृत पिकतंय, बाजारचं कोण खाणार, म्हणाले. त्यांच्या डोक्यात वाईट काही नव्हतं. हेच तर मला सोसत नाही आक्का. वाईट असतं तर भांडता आलं असतं. ते अभिमानानं सांगत होते. कारखान्यावर, डेअरीवर, सोयऱ्यांत. पाऊस नसला, वेल करपला, तुम्हाला ताप असला, तरी ताटात भाजी परड्यातलीच पाहिजे, कारण ते गावभर सांगून बसले होते.

मग त्यांनीच कार्यक्रमाला पत्र पाठवलं आणि एक दिवस जीप येऊन उभी राहिली. प्रेक्षकांची मतं घ्यायला आलोय म्हणाले. इस्त्रीबाई प्रत्यक्षात तुमच्यापेक्षा बुटकी निघाली. तिनं तुम्हाला घेवड्याच्या मांडवाखाली उभं केलं, कॅमेरेवाल्यानं डोळा लावला आणि तिनं विचारलं, आक्का, आमचा कार्यक्रम कसा वाटतो?

तुम्ही पदर नीट केलात आणि म्हणालात, "लई चांगला हाय. आमच्या घरात समदी बघत्यात."

आणि चहा टाकायला आत गेलात.

मला ठाऊक होतं तुम्ही काय करताय. आपल्यातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. दारात पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि चहा पोटात गेल्यावर काय ते बोलणं. वाकडं बोलायचं असेल तर नक्कीच चहानंतर. आपल्याकडं सोयरीक मोडायला आलेला माणूससुद्धा आधी चहा पितो. ती दोन वाक्यं म्हणजे मत नव्हतंच, ते 'या, बसा' होतं. पण त्यांच्यात आधी बोलतात आणि मग चहा पितात. तुम्ही कपबशा घेऊन बाहेर आलात तेव्हा कॅमेरा पेटीत गेला होता.

तुम्ही उंबऱ्यावर टेकलात. इस्त्रीबाईचा कप अर्धा होऊ दिलात. मग म्हणालात, "बाई, येक ईचारू का? तुमी दर खेपेला म्हंता, फावल्या येळात करा. त्यो फावला येळ कुठं मिळतो तेवडं सांगा. बी मी आणते."

कुणी हसलं नाही त्या दिवशी. कॅमेरेवाला बशीत बघत राहिला. आणि तुम्ही थांबला नाहीत. तुमची बाग खोटी न्हाय, म्हणालात, वांगी लागत्यात, घेवडा लागतो. "पर तुमी सांगितल्यापून आमच्यात बाजारची भाजी येयाची बंद झाली. आदी गडी पिशवी आणत हुता. आता म्हंतो घरीच पिकतंय. म्हंजे त्येचं काम बी माज्याच डोक्यावर आलं. बायांना लई सांगितलंसा, आता गड्यांसाटी बी येकदा कार्येक्रम करा. पाणी कसं हापसायचं, आळं कसं करायचं. त्येंला असतोय फावला येळ. पारावर बघा जाऊन."

इस्त्रीबाईनं कप खाली ठेवला. खरं आहे हो आक्का, म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, मी तिचा चेहरा बघितलाय. मी कॅमेरेवाल्याला म्हटलं, हे घ्या की, हेच घ्या. तो म्हणाला, पॅक झालंय वहिनी, आता उजेडही गेला. बाहेर ढळढळीत ऊन होतं. आबा तोपर्यंत जीपच्या ड्रायव्हरला ऊस दाखवायला गेले होते, त्यांच्या कानावर यातलं अवाक्षर पडलं नाही. निघताना त्यांनी पाहुण्यांना परड्यातली वांगी बांधून दिली. तुम्हीच तोडून आणलीत.

कार्यक्रम लागला त्या दिवशी सोप्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. आणि तुम्ही दिसलात. मांडवाखाली, हसऱ्या. लई चांगला हाय, आमच्या घरात समदी बघत्यात. मागून इस्त्रीबाईचा आवाज आला, की अशा या आपल्या आक्का, ज्यांनी फावल्या वेळात ही बाग उभी केली. तिनं तुमच्याच नावाला तो शब्द चिकटवला, आक्का. तुमच्याच उंबऱ्यावर बसून, तुमचा चहा पिऊन, तुमचं सगळं ऐकून घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी पेढे वाटले. मी वळून बघितलं तर तुम्ही दारात नव्हतात. गोठ्यात धारेचा आवाज येत होता.

आपलं भांडण त्या दिवसापासूनचं. तुमचं-माझं. मी म्हणायची, चहाआधी बोलायचं होतंत. तुम्ही म्हणायचात, "दारात आलेल्या मान्साला पाणी देयाच्या आदी टोचायचं व्हय? आपल्यात न्हाय तसलं." मी म्हणायची, मग आपल्यातलं बदला. तुम्ही म्हणायचात, तू शिकल्याली हाईस, तू बदल. ते भांडण मिटलं नाही. कधी हापशावर, कधी उसाच्या बांधावर, कधी निवडणं-टिपणं करताना, मध्येच सुरू व्हायचं आणि कुणीतरी आलं की तिथंच टाकून आपण उठायचो. अजूनही मला तुमचं पटलेलं नाही. रीतभात सांभाळायची ती एकट्या आपणच का? त्या बाईला नव्हती का रीत, की ज्याच्या घरी खाल्लं त्याचं बोलणं निम्मं कापू नये?

तुमच्यावरही राग आहे माझा. नुसता इस्त्रीबाईवर आणि आबांवर आहे असं समजू नका. टीव्हीवर झाल्यापासून बायकांचे जथेच्या जथे बाग बघायला यायला लागले. इंदापुरातून महिला मंडळ, लोणी देवकरच्या कारखान्यांतल्या साहेबांच्या बायका, बारामतीहून कुठल्या तरी संस्थेची बस. आणि तुम्ही प्रत्येकीपुढं तीच दोन वाक्यं बोलायचात. लई चांगला हाय. समदी बघत्यात. मी चिडून विचारलं, आता तर चहासुद्धा झाला त्यांचा, मग आता का गप्प? तर म्हणालात, येकदा टीव्हीवर बोलले, आता फिरले तर त्येंची मान खाली जाईल. त्यांची मान. तुमच्या मानेवर रोज हापशाच्या घागरी होत्या, तिची काळजी कुणी करायची होती?

आणि तरी हेही लिहायला पाहिजे, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. मला बालवाडीत बाई म्हणून बोलावणं आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दोन सुना असून चुलीला एकच राहणार का. मी मान खाली घालून उभी. तुम्ही पिठाचे हात घेऊन बाहेर आलात आणि म्हणालात, ती जाईल, तिच्या वाटणीच्या भाकरी मी थापते. एवढंच. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही, आणि तुम्ही त्या भाकऱ्यांचा उच्चारही कधी केला नाहीत. मला चार पोरांना गाणी शिकवायला जो वेळ मिळाला, तो तुमच्या वेळातून निघाला होता. घरात एका बाईला वेळ मिळतो तो दुसरीनं दिलेला असतो, गड्यानं दिलेला मी तरी अजून बघितला नाही. हे मला तुमच्याकडून कळलं आक्का, टीव्हीवरून नाही. बालवाडीच्या दारात चप्पल काढताना रोज तुमची आठवण येते, आणि येत राहील.

या पावसाळ्यात खोकला लागला तो हटेना. अंगात कसकस. मी भिंतीपलीकडून रात्रभर ऐकायची. भिगवणच्या डॉक्टरांनी पडून राहा म्हणून सांगितलं. तुम्ही पडलात, पण तेवढ्यात निरोप आला, की कुठल्याशा मंडळाच्या बायका बाग बघायला येणार आहेत. आबा म्हणाले, एवढा एक दिवस निभाव. त्यांना वाटलं साधा पडसं-खोकला आहे. मी भिंत थापटून थापटून सांगितलं, उठू नका. तुम्ही उठलात. भर चिखलात बसून वाफे साफ केलेत, वेल बांधलेत. बायका आल्या, फोटो काढून गेल्या, त्यांचा चहाही तुम्हीच केलात. त्यानंतर अंथरूण धरलंत ते धरलंत. बारामतीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, दुखणं फार अंगावर काढलं हो यांनी. आबा मान हलवत होते, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट चालली आहे.

तिथं शेवटच्या दिवशी मी तुमच्या उशाशी होते. मला वाटलं तुम्ही आता काही बोलाल. देवाचं, पोरांचं. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, चेहरा इतका निवांत होता की मला भीती वाटली. म्हणालात, "शालन, बरं वाटतंय गं पडून." एवढंच बोललात.

दहाव्याला तो फावल्या वेळावर बोलून गेला ते वर लिहिलंच. आता तेराव्याचं सांगते आणि थांबते. तेराव्याला अख्खी भावकी जेवायला. परड्यात एक पान हिरवं नव्हतं. तुम्ही दवाखान्यात गेल्यापासून त्या बागेला कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, आणि वरूनही पडलं नव्हतं. घेवडा वाळून मांडवाला लोंबत होता. तुमच्या बागेचं कौतुक करणारी सगळी माणसं रोज त्याच वाटेनं येऊन बसत होती, पण कुणाचा हात घागरीला गेला नाही. माझाही नाही. मी मुद्दाम घातलं नाही. दिसू दे म्हटलं.

तर सकाळी उठून आबा मोटारसायकल घेऊन भिगवणला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. चुलवण पेटायच्या आत परतही आले. हँडलच्या दोन्ही अंगांना भरलेल्या पिशव्या, मागच्या सीटवर बांधलेलं भोपळ्यांचं पोतं. वांगी चांगली निवडून आणली होती, किडकं एक नव्हतं. ओट्यावर पिशव्या ठेवल्या आणि घाम पुसत उभे राहिले.

लग्न होऊन आल्यापासून मी थोरल्या दिरांपुढं उभी राहून बोलले नव्हते. बोलायचं तर दाराआडून, नाहीतर तुमच्या तोंडून. मी पदर डोक्यावर ओढला आणि बाहेर ओट्यावर आले.

"आबा, पिशव्या जड झाल्या का?"

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग पिशव्यांकडं बघितलं. "न्हाय गं," म्हणाले, "जड कसल्या? आन भिगवण काय लांब हाय व्हय."

मी दोन्ही पिशव्या उचलून आत नेल्या. खोटं बोलत नव्हते ते, आक्का. खरंच जड नव्हत्या.